रिकामा परत केलेला डबा

सरोजिनीकाकूंनी बावन्न वर्षांत कोणाचंही भांडं रिकामं परत केलेलं नव्हतं. शेजारणीकडून वाटीभर काही आलं, तर ती वाटी परत जाताना तिच्यात निदान चमचाभर साखर असायची. मी तोक्योतल्या ओजिमाहून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जपानी शिकायला जायचे, तेव्हा इडलीच्या पिठाचा डबा न्यायचे. परतीच्या गाडीत त्याच डब्यात चिवडा असायचा. हा नेम त्यांनी एकदाच मोडला, तोही दीडशे माणसांसमोर, आणि इरकल नेसून.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण यातली सगळी माणसं अजून तिथेच राहतात. तोक्योच्या ईशान्येला, गाडीनं दीड तासावर. भाताची खाचरं, एक शाळा, एक सुपरमार्केट, स्टेशनसमोर एक कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, आणि तिच्या शेजारी ‘हिरायामा तातामी’ अशी पाटी. तातामी म्हणजे जपानी घरातल्या जमिनीवर बसवतात त्या जाड गवती चटया. पाटीखाली बसून त्या शिवणारे हिरायामा-सान हे काकूंचे यजमान.

१९७३ साली ते मुंबईच्या एका गिरणीत यंत्रं बसवायला आले होते. काकू तिथे टेलिफोन ऑपरेटर होत्या. “यंत्रं तीन महिन्यांत बसली,” काकू सांगायच्या. “हे दोन वर्षं राहिले. गिरणीवाल्यांना वाटलं, काय कष्टाळू माणूस.” मग लग्न, मग वडील आजारी म्हणून जपानला परत येणं आणि चटयांचं दुकान.

हिरायामा-सान छान मराठी बोलायचे. फक्त ते शिकले बायकोकडून, म्हणून बोलायचेही तसंच. पहिल्या भेटीत या उंच, गंभीर गृहस्थांनी मला विचारलं, “मी चहा करते. तू घेणार?”

मी हसू दाबलं, पण काकूंना दिसलं.

“हसू नकोस,” त्या म्हणाल्या. “माझं जपानी सासूबाईंनी शिकवलेलं आहे. बँकेतल्या पोरी म्हणतात, फोनवर तुम्ही ऐंशी वर्षांच्या वाटता.”

तर अशा या काकू. बावीस वर्षं त्या गावात राहिल्या आणि त्यांचा पासपोर्ट भारताचाच राहिला. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “असू दे, खातो काय तो?” मग १९९७ साली गावची बस बंद झाली. स्टेशनापासून चार किलोमीटरवरच्या दवाखान्यात जाणारी ती एकच बस. गावातल्या म्हाताऱ्या बायका रोज कुरकुरायच्या. कचरा टाकायला सकाळी जमल्या की जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, आणि मधे बसचा विषय.

“मग विचारलं का कोणी?” काकूंनी एकदा विचारलं.

“कोणाला?”

“कोणाला काय? नगरसभेत ज्यांना पाठवलंत त्यांना. इवाबुचींना.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. इवाबुची हे चौथ्यांदा निवडून आलेले सभासद. त्यांना सगळे सेन्सेई म्हणत, आपण गुरुजी म्हणतो तसं. शेवटी त्यांच्यातल्या सेकिने-सान म्हणाल्या, “इवाबुची-सेन्सेईंना कसं विचारणार? त्यांची इतकी ओसेवा झालीय आपल्याला.”

हा शब्द इथे सांगायला हवा. काकू नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा गावात सगळीकडे तो त्यांच्या कानावर पडे. ‘ओसेवा’. त्यांना वाटलं, सेवा. गावचे पुढारी लोकांची सेवा करतात, म्हणून लोक सारखं त्यांचं नाव घेऊन सेवा सेवा म्हणतात. घरी पत्रात लिहिलंही होतं, इथले पुढारी फार सेवाभावी आहेत. चारपाच वर्षांनी उलगडा झाला. तो जुळून आलेला आवाज फक्त. ओसेवा म्हणजे कोणी आपली केलेली देखभाल, आणि ‘ओसेवा झाली आहे’ म्हणजे आपण त्यांच्या उपकाराखाली आहोत.

“मी मग एकटीच गेले नगरकचेरीत,” काकूंनी मला सांगितलं. “खिडकीवर एक मुलगा होता, फार सभ्य. म्हटलं, बस का बंद केली? त्यानं सगळं लिहून घेतलं. मग वाकून विचारलं, माफ करा, आपण मतदार आहात का?”

“मग?”

“मग काय. त्यानं कागद फाडला नाही, उद्धटपणा केला नाही. नुसतं पेनाला टोपण लावलं.”

त्या टोपणाचा आवाज काकूंनी मला तोंडानं करून दाखवला होता. टक्.

पुढच्या महिन्यात त्यांनी जपानी नागरिकत्वाचा अर्ज केला. दीड वर्ष कागदपत्रं चालली. १९९९च्या जानेवारीत मंजुरी आली आणि त्यांनी भारताचा पासपोर्ट स्वतः नेऊन जमा केला. त्या दिवशी जेवल्या नाहीत. एप्रिलच्या सुरुवातीला नगरसभेच्या निवडणुकीचं कार्ड पोस्टानं आलं, ते त्यांनी देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. आयुष्यातलं पहिलं मत. भारतात असताना मतदानाचं तेव्हाचं एकवीस वय झाल्यावर मुंबईला आल्या, नाव गावच्या यादीत राहिलं, ते राहिलंच.

मी त्या दिवशी तिथेच होते, म्हणून पुढचं पाहिलं. दुपारी दार वाजलं. सेकिने-सान. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, हातात कापडात गुंडाळलेला लाखेचा काळा डबा. आत चवळीसारखे तांबडे दाणे घालून केलेला गुलाबी भात. घरात काही शुभ घडलं की तिकडे हा भात शेजारी वाटतात.

“नातू शाळेत जायला लागला,” सेकिने-सान म्हणाल्या.

“तो तिसरीत आहे ना?”

“धाकटा.”

“धाकटा कोण?”

“माझ्या भावाचा.” मग घाईघाईनं, “आणि हो, इवाबुची-सेन्सेई उभे आहेत. मी काही मत मागायला आलेली नाही. घरोघर जाऊन मत मागायला बंदी आहे. मी भात द्यायला आलेय.”

“हो, भातच दिसतोय,” काकू म्हणाल्या.

त्या गेल्यावर काकूंनी भात काढून घेतला. भाताखाली हिरवं पान, पानाखाली कागद, कागदाखाली पाकीट. पाकिटात बिअरची कुपनं आणि इवाबुचींचं व्हिजिटिंग कार्ड.

“यावर बिअरच मिळते?” मी विचारलं.

“दुकानात साबणसुद्धा देतात.” काकूंनी पाकीट ओट्यावर ठेवलं आणि त्याकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “आमच्याकडे कडीचा डबा आला होता.”

सातारा जिल्ह्यातलं त्यांचं लहानसं गाव. काकू तेव्हा पंधरा वर्षांच्या. नगरपालिकेच्या निवडणुकीआधी घरोघर स्टीलचा डबा वाटला गेला. स्टील तेव्हा नवलाईचं. झाकणावर उमेदवाराचं नाव कोरलेलं. काकूंच्या आई हरखून गेल्या, शेवया त्यात ठेवायला लागल्या. दोन वर्षांनी आळीतला नळ आटला. आई चार बायका घेऊन त्या माणसाच्या ओसरीवर गेल्या. तो पान लावत होता. सगळं ऐकून घेतलं, चुना पुसला आणि विचारलं, “काकी, डबा पोचला होता ना?”

“एवढंच?” मी म्हटलं.

“एवढंच. आई परत आली. संध्याकाळी खिळा घेऊन झाकणावरचं नाव खरवडत बसली. कोरलेलं नाव खरवडून जातं का? अजून आहे तो डबा भावाकडे. नाव वाचता येतं.” काकूंनी पाकीट उचललं. “मला पुढच्या चार वर्षांत कधीही त्या इवाबुचीला विचारता आलं पाहिजे. त्यासाठी मी पासपोर्ट दिलाय. बिअरसाठी नाही.”

त्यांनी डबा धुतला, पुसला. पाकीट जसंच्या तसं तळाशी ठेवलं, वर कागद, आणि वर काठोकाठ चिवडा.

“चिवडा कशाला, काकू?”

“अगं, रिकामा कसा देऊ? सेकिने-सानचं काय चुकलं? नको तर म्हणायचंय, पण तोंड गोड ठेवून.”

आणि इथेच घोटाळा झाला.

तिकडच्या जुन्या बायकांचीही हीच रीत. आलेला डबा रिकामा पाठवायचा नाही, थोडं काही घालायचं, आणि घातलं की अर्थ झाला, मिळालं, आवडलं, आभारी आहे. सेकिने-साननी चिवडा खाल्ला, तळाशी पाकीट पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला.

“हिरायामाबाई, किती तो संकोच. अगदी आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांसारखा.”

“संकोच नाही. मी नको म्हटलंय.”

“हो ना. किती सुंदर नको म्हटलंत.”

हे मला काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी हसत सुटले. आपल्याकडे तरी काय, पंगतीत जो हात आडवा करून ‘नको नको’ म्हणतो त्याच्याच पानात दोन जिलब्या जास्त पडतात.

“हस,” काकू म्हणाल्या. “पुढचं ऐक. डबा परत आलाय. भात तेवढाच. पाकीट जाड झालंय.”

त्याहून वाईट पुढे होतं. इवाबुचींच्या प्रचार कार्यालयात भिंतीवर समर्थकांची नावं ब्रशनं लिहून लावली होती, आणि शेवटच्या ओळीत नवं नाव होतं, हिरायामा सरोजिनी. काकू गेल्या. मॅनेजर उठून उभा राहिला, चहा आला.

“माझं नाव काढा.”

“अडचण अशी आहे,” मॅनेजर म्हणाला, “की ते शाईनं लिहिलंय. खोडलं तर अपशकुन दिसेल. निवडणूक झाली की लगेच काढू.”

“निवडणूक झाल्यावर काढून काय उपयोग?”

“तेही खरं,” तो म्हणाला. “शुक्रवारी प्रचाराच्या गाडीवर याल का? बोलायचं काही नाही. साडी नेसायची आणि हात हलवायचा. सेन्सेईंचं म्हणणं आहे, गाव आंतरराष्ट्रीय झालं पाहिजे.”

“गाडीवर येणार नाही.”

“मग शनिवारच्या सभेला तरी या. साडी नेसून.”

काकूंनी चहाचा कप बाजूला सारला. “सभेला येते,” म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा नवराबायको स्वयंपाकघरात समोरासमोर बसले होते. मधे टेबलावर काळा डबा.

“निवडणूक कार्यालयात मी सांगते,” हिरायामा-सान म्हणत होते. “पाकीट पण देते.”

“द्याल हो. मग पोलीस कोणाकडे येतील? इवाबुचीकडे? तो म्हणेल, मला काय माहीत. येतील त्या सेकिने-सानकडे. ती बाई काठी शोधेपर्यंत अर्धा तास जाईल.”

“मग?”

“मग मी सभेत बोलते. सगळ्यांसमोर. पण तुम्ही आधी सांगा. सभागृहाच्या चटया या उन्हाळ्यात बदलायच्यात. ते काम आजवर इवाबुचीच्या शब्दानं आपल्याला मिळालं.”

हिरायामा-साननी हात टेबलावर ठेवले. त्यांच्या बोटांना सुईचे घट्टे होते, ते घट्टे चोळत बसले. मग हळू म्हणाले, “सोळा वर्षं मला वाटत होती, काम हातामुळे मिळते. आता कळेल.”

काकूंनी फक्त त्यांच्या कपात चहा ओतला.

दुपारी दोनला सभा. चटयांचं मोठं सभागृह, दीडशे माणसं उशांवर गुडघे मोडून बसलेली. चहा आणि साधी बिस्किटं, कारण कायद्यानं तेवढंच चालतं. इवाबुची-सेन्सेई पुढे उभे, खांद्यावरून नावाचा पट्टा, हातात पांढरे हातमोजे. माणूस दिसायला प्रेमळ होता. अर्धा तास बोलले. माझं जपानी कच्चं, म्हणून हिरायामा-सान शेजारून कानात सांगत होते.

“आता गाव सुंदर करणार. आता गाव आणखी सुंदर करणार. आता प्रश्न विचारा म्हणते.”

प्रश्न विचारायचे असतात असं कोणालाच वाटत नव्हतं. सूत्रसंचालकानं कागद गोळा करायला सुरुवातही केली. तेवढ्यात मागून काकू उठल्या.

गडद हिरवी इरकल, लाल काठ. पदर खोचलेला. हातात कापडात गुंडाळलेला डबा. त्या मधल्या वाटेनं पुढे निघाल्या, आणि पायांत पांढरे मोजे असल्यामुळे त्यांच्या चालण्याचा काहीच आवाज आला नाही. काठाची सळसळ फक्त. सेन्सेईंचा चेहरा उजळला. फोटोवाला पुढे सरकला.

“साडी नेसून या म्हणालात,” काकू म्हणाल्या. “आले.”

लोक हसले, टाळ्यासुद्धा वाजल्या. काकू गुडघे मोडून बसल्या, डबा समोर ठेवला, कापडाची गाठ सोडली. झाकण काढून उलटं ठेवलं आणि त्याच्यावर पाकीट ठेवलं. मग डबा लोकांकडे तिरका केला.

रिकामा. आतून स्वच्छ, लाल लाखेचा, लखलखीत रिकामा.

मला वाटलं होतं, लोक पाकिटाकडे बघतील. पाकिटाकडे कोणी बघितलंच नाही. समोरच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बायकांनी डब्यात पाहिलं आणि त्यांचे श्वास अडकले, जणू काकूंनी तिथे शिवी दिली होती. माझ्या शेजारी हिरायामा-सानही ताठ झाले. भाषांतर थांबलं. मधले शब्द मला नंतर काकूंनी सांगितले.

“हा माझ्याकडे भरून आला होता,” काकू सासूबाईंच्या त्या जुन्या, खेडवळ जपानीत बोलल्या. “पहिल्यांदा मी त्यात आमच्या देशाचा खाऊ घालून परत पाठवला. म्हणून तुम्हाला वाटलं, मी हो म्हटलं. चूक माझी. मी नीट बोलले नाही. म्हणून आज यात काही घातलेलं नाही. माझं नाव भिंतीवर आहे, ते आज काढा.”

सेन्सेई हसत होते, पण हातमोज्यांची घडी घालून परत उलगडत होते.

“माझ्या भाषेत सेवा असा शब्द आहे,” काकू पुढे म्हणाल्या. “तुमच्या ओसेवासारखाच ऐकू येतो. आमच्याकडे निवडून दिलेल्या माणसानं लोकांची करायची ती सेवा. होते असं नाही. माझ्या आईनं एक डबा घेतला होता, आणि मग नळाला पाणी नसताना तिला विचारता आलं नाही. ती तिचीही चूक होती, हे तिला माहीत होतं. मला तशी चूक करायची नाही. मी उद्या पहिल्यांदा मत देणार आहे. म्हणून आज विचारते. दवाखान्याची बस बंद करायच्या ठरावाला तुमचा हात वर होता का?”

“हिरायामा-ओकुसान,” सेन्सेई मऊ आवाजात म्हणाले, म्हणजे हिरायामाबाई, “काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. हा डबा नेमका कोणाचा आहे?”

प्रश्न बसवरून डब्यावर गेला होता, आणि डब्यावरून एका माणसावर जाणार होता.

“ते मी सांगणार नाही,” काकू म्हणाल्या. “ज्यांचा आहे त्यांनी सावकाश घेऊन जावा. फार चांगल्या घरातला डबा आहे.”

मग तिसऱ्या ओळीत कोणीतरी अंगाखालची उशी सरकवली. सेकिने-सान उठत होत्या. चटईवर बराच वेळ बसल्यावर त्या गुडघ्यांनी उठायचं म्हणजे एक एक पाय हातानं उचलून ठेवावा लागे. शेजारणीनं हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. पुरं मिनिटभर दीडशे माणसं एका म्हातारीला उभं राहताना बघत होती.

“माझा आहे,” त्या म्हणाल्या.

त्या पुढे आल्या. डबा उचलला, आत पाहिलं.

“माझ्या सासूचा. साठ वर्षांत असा रिकामा आला नव्हता.”

मला वाटलं, आता काकूंना बोलणार. त्यांनी झाकणावरचं पाकीट दोन्ही हातांनी धरलं, आणि जसं द्यायचं असतं तसं, कमरेत वाकून, सेन्सेईंच्या समोर ठेवलं. मग झाकण लावलं, डबा छातीशी धरला.

“बसायला सांगू नका, परत उठता येणार नाही. बसचं काय ते सांगा.”

“सेकिने-सान, त्यावर आम्ही सकारात्मक विचार—”

“विचार झालाय. विचार करूनच बंद केलीत. तुमचा हात वर होता का, एवढंच विचारलंय त्यांनी.”

सेन्सेईंनी सेकिने-सानकडे पाहिलं. सोळा वर्षं त्या सेन्सेईंचे डबे वाटत होत्या.

“होता,” ते म्हणाले.

हिरायामा-साननी माझ्या कानात सांगितलं, “होती म्हणते.” त्यांचा आवाज बदललेला होता.

“मला वाटलंच होतं,” सेकिने-सान म्हणाल्या. “तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारणार कशी, भाताखाली पाकिटं मीच लावत होते. म्हणजे ती बस बंद करायला माझाही हात वर होता.” मग काकूंकडे वळून, नेहमीच्या आवाजात, “तो खाऊ मात्र फार तिखट होता.”

“पुढच्या वेळी मिरची कमी घालते,” काकू म्हणाल्या.

त्यांचं नाव भिंतीवरून त्याच संध्याकाळी निघालं. खोडलं नाही, अख्खा कागद काढून पुन्हा लिहिला. बाकीची कोणकोणती नावं त्या निमित्तानं गळली, ते आम्हाला कळलं नाही. कागद मात्र आधीपेक्षा आखूड होता, हे हिरायामा-साननी बघून येऊन सांगितलं.

रविवारी मतदान शाळेच्या व्यायामशाळेत. काकूंनी देव्हाऱ्यातलं कार्ड काढलं. मी दाराशी चपलांच्या कपाटाजवळ थांबले. टेबलावरचा कर्मचारी कार्ड उलटसुलट करून बघत होता.

“हा लाल डाग?”

“शुभ असतो,” काकू म्हणाल्या.

त्यानं एकदा डागाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मतपत्रिका दिली. जपानात शिक्का मारत नाहीत. कोऱ्या कागदावर उमेदवाराचं नाव पेन्सिलीनं आपल्या हातानं लिहायचं. आतून बाहेर यायला त्यांना इतका वेळ लागला, की मी दोनदा डोकावले. आल्या त्या बोटांना पेन्सिलीचं काळं लागलेलं.

“एवढा वेळ?”

“अक्षर वाचता आलं पाहिजे. बाद झालं तर?” मग चालता चालता म्हणाल्या, “आईला सही येत नव्हती. अंगठा द्यायची.” स्टेशनपर्यंत ताठ चालत होत्या. मी आयुष्यात कोणाच्या शेजारून इतक्या मानानं चाललेली नाही.

इवाबुची-सेन्सेई निवडून आले. हे सांगायलाच हवं. चौदा जागांत मतांच्या क्रमानं आधी पहिले असायचे, या वेळी तेरावे. मी फोनवर हिरमुसले.

“म्हणजे काहीच झालं नाही, काकू.”

“झालं ना. त्याला विचारायला मी मोकळी आहे. तो हरला असता तर कोणाला विचारलं असतं?”

सभागृहाच्या चटयांचं काम शेजारच्या गावातल्या दुकानाला गेलं. हिरायामा-सान नव्या चटया बघायला मुद्दाम गेले, बोटांनी शिवण चाचपली, आणि घरी येऊन म्हणाले, “चांगली केली. माझी जास्त चांगली.” आणि दोन घरांची जुनी कामं काढून बसले.

जूनमध्ये नगरसभेच्या बैठकीला मी गेले होते. प्रेक्षकांच्या बाकांवर सात बायका, प्रत्येकीची स्वतःची उशी, काकूंकडे थर्मास. कारकून सांगत होता, तिथे पूर्वी वर्षाला एखादा माणूस यायचा, तोही पाऊस आला तर. बसचा प्रश्न निघाला. इवाबुची-सेन्सेई वर बायकांकडे न बघता बोलले, पण बोलले. आणि दुसऱ्या रांगेत नोनाका नावाचे एक सभासद, निवृत्त शिक्षक, चक्क डुलक्या घेत होते.

मधल्या सुट्टीत काकू तडक त्यांच्याकडे गेल्या. वाकून नमस्कार केला.

“नोनाका-सान, तुमचं नाव मी लिहिलंय. माझं जपानी अक्षर चांगलं नाही, मला फार वेळ लागला. झोपू नका.”

ते बिचारे लाल झाले. “माफ करा. रात्री कागदपत्रं वाचत बसलो होतो.”

“मग दुपारी घरी झोपून या. तुम्ही चुकलात, तर लोक मला विचारतील, कोणाला निवडलंस म्हणून.”

बस ऑक्टोबरपासून सुरू झाली. रोज नाही, मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीच्या दिवसांसाठी भांडण अजून चालू आहे.

त्यातल्याच एका शुक्रवारी मी काकूंकडे होते. दार वाजलं. सेकिने-सान दवाखान्यातून परत येता येता आल्या होत्या, हातात कापडात गुंडाळलेला काळा डबा. आत गुलाबी भात, वर काळे तीळ.

“आज कोण शाळेत गेलं?” काकूंनी विचारलं.

“कोणी नाही. आज भात करावासा वाटला.”

काकूंनी डबा घेतला. ओट्यावर ठेवला. मग चमच्यानं कडेचा भात सारून हिरव्या पानाखाली बघितलं.

“बघा, बघा,” सेकिने-सान दारातूनच म्हणाल्या. “मीही बघितलं असतं.”

पानाखाली लाल लाख होती. डबा परत गेला तेव्हा त्यात कमी तिखट चिवडा इतका भरला होता, की झाकण नीट बसत नव्हतं.